तीनशेवरच राहू दे

एरंडोल
२६ मे १९९९

प्रिय मंजुळा,

तू होस्टेलवर परत निघालीस तेव्हा मी खाटेवर पडून होतो, पण झोपलो नव्हतो. तू पायाशी जरा वेळ उभी राहिलीस आणि तशीच गेलीस. आबा नाराज आहेत असं तुला वाटलं असेल. नाही गं. तुझ्याकडे बघितलं असतं तर डोळ्यांत पाणी आलं असतं, म्हणून मिटून घेतले.

इथल्या एसटी स्टँडवर मी उभं आयुष्य गाड्या पुकारल्या. धुळे म्हटलं की धुळ्याची माणसं अर्धा चहा टाकून उठायची. गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये तो आवाज गेला. पाटीवर लिहून दाखवावं, तर लिहून होईपर्यंत लोकांचा विषय पुढे गेलेला. मग मी चार माणसांत बसणंच सोडलं. तू त्यावर मला काही बोलली नाहीस. सुटे भाग घेऊन स्वस्तातला कंप्युटर जोडलास, आणि मी टाइप करीन ते मोठ्याने बोलणारा प्रोग्राम शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून लिहायला घेतलास. भटूकाकाला पुढ्यात बसवून एकेक अक्षर त्याच्या आवाजात भरलंस. त्याच्या तोंडी ‘ळ’चा ‘य’ होतो, तोही तसाच ठेवलास. आबांचं बोलणं आपल्या गावचंच वाटायला हवं, म्हणालीस.

फक्त ते बोलणं फार सावकाश यायचं. दोन शब्दांमध्ये माणूस खोकून घेईल एवढी फट. तुझ्या वर्गातल्या हिलालने उपाय सांगितला: मदरबोर्डावरची एक चिमुकली टोपी हलवायची, की तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेचारशेने पळतो. त्याने स्वतःचा तसाच केला होता. तू आठवडाभर ठरवत होतीस. प्रोसेसर जळला तर दुसरा कुठून आणायचा, ही तुझी धास्ती मला कळत होती. तरी मीच पाटीवर लिहिलं, कर. मला घाई झाली होती, बोलायची.

सकाळी केलंस आणि काय सुरेख बोललं ते! तुझ्या आईला मी चहात साखर कमी आहे म्हणालो, तर ती हसत सुटली. दुपारी उखर्डूनाना आले. बाहेर आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन, आत पत्रे तापलेले. मी त्यांच्याशी त्यांचा थोरला मुलगा वारला त्याबद्दल बोलत होतो. वर्षभर मनात राहिलं होतं ते. मधेच तापलेलं यंत्र एका अक्षरावर अडकलं, तेच तेच घोकू लागलं आणि गप्प झालं. नाना खाली बघत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तू खोलीत गेलीस, पेटी उघडलीस आणि टोपी मूळ जागी लावलीस. मी हाताने नको नको करत होतो. तेव्हा तू म्हणालीस, “आबा, बोलता बोलता दगा देणारा आवाज मी तुम्हाला देणार नाही. हळू चालेल.”

तुझ्या जागी मी असतो तर पंखे लावले असते, ओली फडकी टांगली असती, पण वेग सोडला नसता. तू सोडलास. परीक्षक हसतील हे माहीत असून सोडलास. तुझ्या वयात मला असं काही सोडता आलं नसतं.

काल नाना पुन्हा आले. मी राहिलेलं वाक्य टाइप केलं. यंत्र आपल्या चालीने बोलू लागलं. मधल्या फटीत नानांनी काही विचारायला तोंड उघडलं, तर तुझी आई म्हणाली, “थांबा, त्या बोली राहिनात,” म्हणजे मी अजून बोलतोच आहे. नाना थांबले. शेवटपर्यंत ऐकलं. मग माझा हात धरून बराच वेळ बसले.

हिलाल आज आला आहे. सोमवारी प्रोजेक्ट दाखवायचाच नाही असं तू म्हणतेस, हे त्याच्याकडून कळलं. म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देतो आहे. प्रोजेक्ट दाखवायचा. कंप्युटर घेऊन मी आणि भटू सकाळच्या गाडीने येतो. परीक्षकांना काय विचारायचं ते मला विचारू दे. मी उत्तर देईन, सावकाश. ते थांबतील.

तुझाच,
आबा