नळीचं दुसरं टोक

अण्णा, वारंगा फाट्यावरच्या आपल्या वेल्डिंगच्या दुकानात आता ट्रॉल्या कमी येतात आणि गाड्यांचे नखरे जास्त. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. तुमच्या वेळी ट्रॅक्टरला छप्पर केलं, पिकअपला मागं जाळी लावली की झालं. गेल्या महिन्यात पुसेगावचा एक जण पिकअप घेऊन आला. घरी बक्कळ शेती आणि याला नाद डोंगरात, चिखलात गाडी घालायच्या शर्यतींचा. "मिस्त्री, केबिनमधी पाइपाचा पिंजरा पाह्यजे. गाडी उलटीपालटी झाली तरी मी आत जिता राह्यलो पाह्यजे," म्हणाला. असलं काम मी कधी केलेलं नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर फाट्यावर बोलणं झालं असतं, की म्हातारा असता तर त्यानं केलं असतं. म्हणून घेतलं.

आठ दिवस खपलो. केबिन नुसती रबरी बुशांवर बसलेली असते, तिच्या पत्र्याला पिंजरा जोडून काय उपयोग; खरा आधार चेसीचा. म्हणून तळाला भोकं पाडून पिंजऱ्याचे सहाही पाय खाली नेले, चेसीला जाड पट्ट्या बोल्टनं कसल्या आणि पाय त्या पट्ट्यांवर वेल्ड केले. चेसीला थेट वेल्डिंग लावायचं नाही हे तुमचं सांगणं पाळलं. काम असं सफाईदार उतरलं की मीच दोनदा बोट फिरवून पाहिलं. आणि नेमकी त्याच दिवशी धाकटी आली. कुरुंद्याला तिच्या घरची हळद शिजवून, वाळवून झाली होती, म्हणून दोन-चार दिवस माहेरी. हातातली पिशवी खाली न ठेवताच तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"भाऊ, मागचं उजवं चाक खाली हाय. अशीच उभी करून बांधली का?"

"तू हळद पाह्य. लोखंड मी पाहून घेतो."

"पाह्य बापा. पण अण्णांनी नळी लावल्याबिगर वेल्डिंगचा एक टाका मारला नसता."

एवढं बोलून ती घराकडे गेली. अण्णा, तिनं तुमचं नाव घेतलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी तुम्हाला आठवत असेल. एक टोक तुमच्या हातात, दुसरं समोरच्याच्या. दोन्हीकडं पाणी एका पातळीला येतं, त्यावरून चेसी कुठं खाली, कुठं वर ते कळायचं. दुसरं टोक धरायला तुम्ही नेहमी तिलाच हाक मारायचात. "ये माय, टोक धर." मी तिथंच उभा असायचो. एकदा ट्रॉलीच्या कामाला मी स्वतःहून टोक धरलं. मी अकरा वर्षांचा, ती नऊ. चार गिऱ्हाईकं उभी आहेत, तुम्ही पाण्याकडं बघताय, माझ्याकडं बघताय, आणि सगळ्यांदेखत म्हणताय, "तुझा हात हलून राह्यला. तिला दे." तुम्ही संध्याकाळपर्यंत विसरलाही असाल. मी चाळिशी ओलांडली तरी विसरलो नाही. मग तुम्ही दोघं ट्रॉलीच्या दोन कडांना उभे राहून एक शब्द न बोलता पाण्याकडं बघत राहायचात. माझ्याबरोबर तुम्ही असे गप्प कधी उभे राहिलात? माझ्याशी फक्त ओरडणं. दुकान मला मिळालं, घर मला मिळालं, आणि मी अजून एका सासरी गेलेल्या बहिणीवर नळीच्या टोकासाठी जळतो. लाज वाटते, पण जळतो.

रात्री झोप लागली नाही. सकाळी नळी काढली, एक टोक तारेनं बांधून पाहिलं. तार सुटली, पाणी मातीत. दुसऱ्यांदाही तेच. मग शेजारच्या चहावाल्याला बोलावलं. त्याचं तोंड चाललं की हातही चालतो, पाणी ठरेचना. शेवटी नाक मुठीत धरून घरी फोन केला. ती आली, पदर कमरेला खोचला आणि टोक धरून उभी राहिली. पाणी क्षणात थांबलं. आपलं आवार रस्त्याकडं उतरतं हे मला काय ठाऊक नव्हतं? तरी मागची उजवी बाजू चांगली दोन बोटं खाली निघाली. जॅक आणि फळ्या लावून चारही कोपरे सारखे केले आणि ग्राइंडरनं पिंजऱ्याचा त्या बाजूचा पाय कापायला घेतला. कापत शेवटाला आलो तर पाइप खट्टकन् उडाला आणि पट्टीपासून अर्धं बोट बाजूला सरकला. वाकड्या उभ्या चेसीचा एवढा पीळ मी त्यात कोंडून ठेवला होता. पहिल्याच पलटीत तो जोड उकलला असता आणि पुसेगावचा माणूस आत असता. मी ग्राइंडर बंद केला. "मी म्हणली व्हती ना," एवढं जरी ती बोलली असती तरी मला भांडता आलं असतं. ती नळीचं टोक घेऊन पुढच्या पायाशी जाऊन उभी राहिली.

सहाही पाय कापून पुन्हा बसवले. दोन दिवस ती माझ्यासोबत होती. सगळं झालं, फक्त पाण्याची बाटली अडकवायची एक कडी लावायची राहिली होती. तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, अण्णांनी तुझ्या हाती वेल्डिंगचं हँडल देल्लं तवा तू बारा वर्सांचा व्हता. मी लगीन होईपर्यंत नळीच धरली. एकदाबी न्हाई म्हणले, माय, एक टाका मार. मी कोपऱ्यात उभी राहून तुला पाहू पाहू जळायची." आणि हसली. तिलाही कशाचा हेवा वाटत असेल, आणि तोही माझा, हे माझ्या डोक्यात एवढ्या वर्षांत कधी आलं नव्हतं.

"ही कडी मी लावू का? हिच्यावर काही जोर येत न्हाई."

मी म्हणालो, "वेल्डिंगचे रॉड संपले."

"राहू दे मंग." तिनं नळीतलं पाणी ओतलं, वेटोळं करून खिळ्याला अडकवलं आणि दुपारच्या एसटीनं कुरुंद्याला गेली. पुसेगावचा माणूस गाडी न्यायला आला, पिंजऱ्याला लोंबकळून पाहिलं, म्हणाला, "मिस्त्री, बराबर अण्णांचा हात हाय तुमच्यात." मी व्हय म्हणालो.

हे पत्र तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि जिनं वाचायला हवं तिला पाठवायची माझी छाती नाही. दुकानाच्या खणात पडून राहील. रॉड संपले नव्हते, अण्णा. अर्धा डबा माझ्या पायाशीच होता, आणि तो तिला दिसत होता.