पाडव्याला न आलेला निरोप

प्रिय सुमा,

लिहायला फार उशीर झाला, राग मानू नकोस. तुला ‘चि.’ लिहायची सवय, आणि आता ते लिहवत नाही. तिथेच हात अडायचा. आज मात्र तुला विचारल्याशिवाय पुढचं काही करवत नाही, म्हणून बसलोय.

तू लिहून ठेवलेल्या प्रोग्रामने तुझा लॅपटॉप रोज सकाळी माझ्या फोनवर निरोप धाडायचा. ‘बाबा, आज भरती तीन वाजता. गोळी घेतल्याशिवाय खडपाच्या खडकांवर कालवं काढायला जाऊ नका. सुमा.’ श्रावणात तू गेलीस, तरी निरोप येत राहिला. मी वाचून ‘हो गं बाय’ म्हणायचो. गुढीपाडव्याला तो आला नाही. लॅपटॉप उघडला, तर नुसती लाल अक्षरं.

रत्नागिरीला दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, ‘काका, सगळं पुसून नवीन टाकतो.’

‘आणि तिने लिहिलेलं?’

‘ते जाणार.’

लॅपटॉप छातीशी धरून मिळेल त्या एस्टीने पूर्णगडला परत आलो.

मग ठरवलं, तुझी ती कॉम्प्युटरची पायथन भाषा आपणच शिकायची. मी सातवी पास! वाचनालयातून पुस्तक आणलं, तर पहिल्याच पानावर लिहिलंय, वाचकाला अशी एखादी भाषा आधी येत असेल. मग नवशिक्याने जायचं कुठे? मोबाइलवर एक बाई मराठीतून शिकवतात. भरभर बोलतात आणि वर ‘हे सोपंच आहे’ म्हणतात. मी त्यांना थांबवून ‘नाही हो बाई’ म्हणतो. शेजारची शकूवहिनी विचारते, ‘भावोजी, कोणाशी भांडताय?’ घरात दुसरं आहे कोण?

उपयोग झाला तो इंटरनेटवरच्या फुकटच्या धड्यांचा. एकेक ओळ लिहायची, चालवून बघायची, चुकली की पुन्हा. त्यात म्हटलं होतं, लाल अक्षरं आली तर घाबरू नका, सगळ्यात खालची ओळ आधी वाचा. इतके महिने मी ती अक्षरं दिसली की लॅपटॉप मिटत होतो. परवा खालची ओळ वाचली, एकेका शब्दाचा अर्थ लावला. यादी संपली, पुढे काही नाही, एवढंच ती सांगत होती.

बिघडलं काहीच नव्हतं गं. आठवतं? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे मी तुला सांगितलं. तू रोज एकेक तिथी वाढवत गेलीस, मध्ये एक तिथी क्षयाची आली आणि भरती चुकली. मी कमरेपर्यंत भिजून आलो, तू हसत सुटलीस. मग मी पंचांग वाचत गेलो आणि तू तिथी भरत गेलीस, फाल्गुन अमावास्येपर्यंत. ‘पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी, बाबा.’ असं म्हणालीस ना?

काल मीच वाचलं, मीच भरलं. फक्त चालू करायचं राहिलंय. चालू केलं की निरोप येईल, खाली तुझं नाव असेल, पण तिथी माझ्या हातच्या. त्याला ‘हो गं बाय’ म्हणवेल का मला? नाव राहू दे, की काढू?

गोळी चुकवणार नाही. लॅपटॉप कुणाला पुसू देणार नाही. दर पाडव्याला तिथी भरीन, बोटं चालतात तोवर.

नावाचं तेवढं सांग. तू सांगेपर्यंत मी काही चालू करत नाही. लवकर कळव.

तुझे,
बाबा