टर्बो, पाच मिनिटं आन् मी

१ एप्रिल, सकाळी ६.२०
आजपासून डायरी. रागावर उपाय म्हणून. तसा मला राग येतच न्हाई. पण सारिका दौंडजवळ माहेरी जाऊन बसलीय. कारण काय, तर तिच्या भावाच्या, विक्रमच्या, कानाखाली वाजवली. एकच. आन् टीव्ही फोडला, तो तर आमचाच व्हता. तिचा निरोप आलाय: यात्रेपर्यंत कुणावर हात उचलला न्हाई, तर बॅग भरून परत येते. यात्रा तेराला. बारा दिवस म्हंजी काय, असे जातील.

त्याच दिवशी, दुपारी
ट्रकचं काम झालं. शिक्रापूरच्या भैरू मिस्त्रीनं मोठा टर्बो बसवला, डिझेलचा पंप वाढवला. सासरवाडीच्या यात्रेत नदीच्या चढावर ट्रकची शर्यत असते. दोन वर्षं विक्रम पहिला. औंदा सगळ्या गावापुढं त्याचं नाक ठेचणार. प्रेमानं. भैरू म्हणाला, गाडी चालू केली की पाच मिनिटं तशीच सोडा, तेल वर चढू द्या, थंड इंजिनाला रेस दिली तर टर्बो जाईल. हे त्यानं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी त्याची गचांडी धरली. गचांडी धरणं म्हंजी हात उचलणं न्हाई. हात सरळच व्हता.

४ एप्रिल
पाच मिनिटं लई असतात. दुसऱ्याच मिनिटाला मागचा टेम्पोवाला हॉर्न मारायला लागला. कारेगावच्या गल्लीत ट्रक आडवा व्हता, मान्य. उतरून त्याचा आरसा उपटला. शांतपणे. माणसाला हात लावला न्हाई. प्रगती हाय.

७ एप्रिल, सकाळी
नवी आयडिया. ट्रक तापायला ठेवायचा आन् तेवढ्यात आपला राग काढून घ्यायचा. सकाळी एकदा निघून गेला की दिवसभर येत न्हाई. आज एक बादली, दोन कुंड्या. लई हलकं वाटलं. शेजारच्या कस्तुराबाई दार लावून घेतात. थंडी वाजत असंल, एप्रिलात.

१० एप्रिल
टपरीवर हौसरावनं विचारलं, वहिनी कवा येणार. चौकशीच केली बिचाऱ्यानं. ओठाला दोन टाके. पण तो बाकड्यावरून पडला असं आमचं ठरलंय, म्हंजी हे मोजायचं न्हाई.

१३ एप्रिल, पहाटे ५
मोठा दिवस! पाचाऐवजी वीस मिनिटं तापवला. माठ फोडला. दोघांचीबी दिवसभराची सोय झाली.

दुपारी १
सासऱ्यांनी, पोपटराव आबांनी, जावयाचा मान केला. टोपी, टॉवेल, पुरणपोळी. ट्रक दोन तास झाडाखाली बंद. बंपरला नारळ फोडला. सारिका दारात दिसली, बॅग भरलेली. माझ्याकडं बघून हसली. खरंच हसली. देवा, आज घेऊनच जातो.
विक्रम सांगून गेला, दाजी, गाडी गार पडलीय, पाच मिनिटं चालू ठेवा, आम्ही थांबतो. मला शिकवतो! पहाटे वीस मिनिटं तापवलीय!

संध्याकाळी
स्टार्टर मारला, लगेच फुल्ल रेस. अर्ध्या चढावर टर्बोनं किंकाळी फोडली, निळा धूर, इंजिन जाम. ट्रक उलटा घरंगळत वाळूत. लोक हसले. विक्रम हसला न्हाई. स्वतःची गाडी सोडून पळत आला, मला लागलं का बघायला. हातात पाण्याची बाटली व्हती, ते नंतर समजलं. तोवर चाक खोलायची लोखंडी टॉमी त्याच्या खांद्यावर बसली व्हती. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग ट्रकच्या काचा, मग लाइटी, मग बॉनेट. कोण धरत व्हतं, कुणाला लागली, आठवत न्हाई. दमलो तवा मागं बघितलं. सारिका बॅग घेऊन वाळूत उभी. तिथूनच वळली.

१४ एप्रिल
विक्रमला प्लास्टर. वाटलं, आबा शिव्या देतील, पोलिसात देतील. त्यांनी ट्रॅक्टर काढला, साखळी दिली. सारिकाला हाक मारायला तोंड उघडलं, तर आबाच बोलले. अहो-जाहोनंच.
म्हणाले, पाव्हणं, गाडी तेवढी घेऊन जावा.