वन्संचे बाण आखूड पडले

४ जून

तीर्थरूप आप्पांना,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तुमच्या गुडघ्याचं मी आईलाच विचारीन, कारण तुम्ही खरं सांगणार नाही.

पत्राचं कारण आमच्या वन्सं. ह्यांची ही धाकटी बहीण दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढी उंच, हे तुम्ही लग्नात पाहिलंच आहे. पारंपरिक तिरंदाजीच्या संघासाठी महिनाअखेरीस निवड आहे. नव्या प्रशिक्षकांनी त्यांना प्रत्यंचा हनुवटीऐवजी कानापर्यंत ओढायला लावली. नेम सुधारला, पण लाकडी बाण चार बोटं आखूड पडले. पूर्ण ताणलं की टोक थेट मुठीशी येतं. नव्या बाणांसाठी वाळलेलं सरळ लाकूड कुठे मिळेना, म्हणून जुनेच पुढून लांब करायचे आहेत.

बाण पार्सलने पाठवते. बाण करण्यात तुमचं आयुष्य गेलं, जोड तुम्हीच द्या. मी पडले कपाटं करणारी. कपाटाचा जोड सुटला तर फार तर कपडे पडतात.

आईला नमस्कार. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नका.

तुमची,
चिमणी


९ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

गुडघा कुरकुरतो, पण तुझ्या आईइतका नाही. बाण पाठवू नकोस. माझे हात आणि डोळे शाबूत आहेत, तरी मी करणार नाही. तू कर. माझ्या शेजारी बसून सरस ढवळत मोठी झालीस, ते काय फुकट?

जुन्या काडीचं पुढचं टोक पाचरीसारखं तासून घे. जड, टणक लाकडाच्या तुकड्याला तशीच खाच पाड, सरस लावून काडी आत बसव आणि दोऱ्याने करकचून बांध. सरस चांगला वाळला की मगच गोल घास. घाई केलीस तर हाती भुसा येईल.

एक नियम मात्र वडिलांपासून चालत आला आहे. ज्याने जोड दिला त्याने तो बाण आधी स्वतः पूर्ण ताणून सोडायचा. जोड सुटला तर फुटलेली काडी धनुष्य धरलेल्या हातात घुसते. आपल्या कामाची परीक्षा दुसऱ्याच्या हातावर घ्यायची नाही. ह्यात सूट नाही, लेकीलाही नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. खुशाली कळवत जा.

आप्पा


१७ जून

तीर्थरूप आप्पांना,
सा. न. वि. वि.

पहिला जोड मी आखूड आणि देखणा केला. गुडघ्यावर वाकवला आणि काडकन गेला. मग पाचर चांगली वीतभर लांब तासली. आता सगळे बाण तयार आहेत आणि खोटं कशाला बोलू, सुरेख झाले आहेत.

पण आप्पा, तुमचा नियम पाळू कसा? माझे हात तुम्हीच दिलेत, आखूड. जेवढा बाण मी वाढवला, नेमका तेवढाच माझ्याने ओढायचा राहतो. अर्धवट ताणून जोडाची काय परीक्षा होणार! वन्सं म्हणतात, द्या इकडे, मी सोडते. ह्यांनीही बाह्या सरसावल्या. पण जोड माझा आहे, म्हणून बाण कपाटात घालून किल्ली कमरेला लावली आहे. निवड तोंडावर आली. माझ्यापायी त्यांची संधी गेली तर घरात तोंड कसं दाखवू?

लवकर उत्तर पाठवा. मायेची सावली असू द्या.

चिमणी


२९ जून

तीर्थस्वरूप आप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

वहिनी स्वतःचं कौतुक लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. तुमच्या उत्तरापर्यंत त्यांना दम निघाला नाही. निवडीच्या आधी एका सकाळी त्या बाण घेऊन मैदानावर आल्या आणि म्हणाल्या, धोका धनुष्य धरणाऱ्या हाताला ना, मग धनुष्य मी धरते, प्रत्यंचा तुम्ही ओढा.

एका धनुष्याला दोन बायका पाहून प्रशिक्षकांनी कपाळाला हात लावला. त्यांनी जाड चामडी हातमोजा पुढे केला. वहिनी म्हणाल्या, मोजा घातला तर माझाच माझ्या जोडावर भरवसा नाही असं होईल. मग त्या पुढे हात ताठ करून उभ्या राहिल्या आणि मी मागून त्यांच्या कानापलीकडे, बाण पूर्ण ताणेपर्यंत ओढलं. नेमाचं विचारू नका, पहिला बाण कुंपणापार गेला. पण एकामागून एक सगळे सोडले आणि एकही जोड हलला नाही.

काल निवड झाली. मी संघात आहे! फिकट काडीला काळपट लाकडाचं टोक, सगळे हात लावून पाहत होते. हे माझ्या वहिनींनी केलंय, असं मी न विचारणाऱ्यांनाही सांगितलं.

आम्हां दोघींवर लोभ ठेवावा.

तुमच्या लेकीची नणंद


४ जुलै

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

मोजा घातला नाहीस हा शुद्ध गाढवपणा झाला. भेटलीस की कान धरणार आहे. तुझ्या वन्संचं पत्र मी न्हाव्याला वाचून दाखवलं, पोस्टमनला दाखवलं, आणि आईला इतक्यांदा वाचून दाखवलं की तिने शेवटी चष्मा लपवला. मला फार अभिमान वाटला, बाळ. वडिलांच्या वेळेपासून कोणाला हे सुचलं नव्हतं.

काल माझं जुनं गिऱ्हाईक आखूड पडलेले बाण घेऊन आलं. मी हात लावला नाही. तुझा पत्ता लिहून दिला आणि सांगितलं, जोडाचं काम आता तिच्याकडे.

तुझा,
आप्पा