बारा मिली दुधाला लागणारा वेळ

आई, आज तुझ्या पणतीला नळीतून बारा मिली दूध पाजलं. बारा मिली म्हणजे तुझ्या आमटीच्या पळीचा तळही भिजणार नाही. ती साडेसात महिन्यांतच आली. एवढी उतावीळ, की आपल्याच घरातली हे कुणीही कागदपत्रं न बघता सांगेल. लेक वरच्या मजल्यावर आहे, तिचं बीपी अजून उतरत नाही. तिनं काढलेलं दूध जावई खाली आणून देतात आणि नळी दिसली की भिंतीकडे बघतात. म्हणून पाजणं माझ्याकडे आलं. बाळांच्या अतिदक्षता विभागात जाताना बांगड्या, अंगठी, घड्याळ सगळं काढायचं, कोपरापर्यंत हात धुवायचे. तुझ्या सोवळ्याला मी किती हसायचे! इथे ते दर दोन तासांनी करते, आणि मुकाट्यानं.

बाळाच्या नाकातून पोटापर्यंत बारीक नळी, तिच्या टोकाला दांडा काढलेली सिरिंज. ती वीतभर वर धरायची, दूध आपसूक उतरतं. परवा, पहिल्याच दिवशी, माझा हात अवघडला. लवकर आटपावं म्हणून सिरिंज उंच केली. दूध सरकन गेलं. बाळ ओकलं, ओठ निळसर झाले. तिथली सिस्टर, बिद्री गावाकडची, धावत आली, नळी चिमटीत दाबली, बाळाला कुशीवर केलं. रंग परतल्यावर माझ्याकडे वळली. "ओ आज्जी, उसाला पाणी सोडताय व्हय? लेकरू हाय ते!" डॉक्टरांनी पुढच्या दोन वेळचं दूध थांबवलं. मूठभर जीव, त्यात चार तास उपाशी, आणि माझ्यामुळे. काचेबाहेर बसून मी तुलाच शोधत होते.

मी दहा वर्षांची आहे. बाहेरच्या खोलीत बाबा मुलांकडून संस्कृतची रूपं घोकून घेताहेत, आणि तू आत त्याच रूपांवर स्वयंपाक करतेस. दूध तापायला 'देव' दोनदा. मंद आचेवर भात मुरायला देव, कवी, माला, नदी, चारही, तीन-तीनदा. आज भात माझ्यावर सोपवून तू वाळवण आवरायला गेलीस. मला खेळायला जायचंय. तू येऊन शीत दाबतेस.

"कच्चा. 'नदी' गाळलीस."

"नाही गाळली."

"मग पळवलीस. बस. पुन्हा म्हण, आणि भाताकडे बघून म्हण."

चार तासांनंतर दूध पुन्हा सुरू झालं, तेव्हा मी बाळाकडे बघून म्हणायला लागले. देवः, देवौ, देवाः. सिस्टरनं कान टवकारले. "मंत्र म्हणतायसा व्हय?"

"नाही गं, व्याकरण."

"म्हणा की. हात तेवढा हलवू नगासा."

चौथ्या शब्दाच्या शेवटी सिरिंज रिकामी झाली आणि बाळ झोपेतच राहिलं. आता सिस्टरच ओरडते, "आज्जी, करा चालू तुमचं!" आज सकाळी तिनं चमच्यानं दोन थेंब जिभेवर सोडले. बाळानं आधी तोंड वाकडं केलं, मग गिळलं. उद्या लेकीला चाकाच्या खुर्चीतून खाली आणून छातीशी देऊन बघायचं म्हणतात. हे सगळ्यांना सांगितलं, पण ज्या माणसाला सांगायचं होतं ते सतरा वर्षांपूर्वीच निघून गेलं. आम्हाला न विचारता. तुझी सवयच ती.

एक राहिलं. तुझ्या शेवटच्या आठवड्यात मी तुला पेज भरवत होते. शाळेत पहिला तास मला शिकवायचा होता. तुझ्या तोंडातला घोट उतरायच्या आत मी पुढचा चमचा लावत होते. तू ठसकलीस, आणि मी तुझं तोंड पुसता पुसता घड्याळ बघितलं. तू ते पाहिलंस. वाटीत अजून पेज होती, तरी म्हणालीस, "पोट भरलं. जा तू." मला ठाऊक होतं की भरलं नव्हतं. मी गेले.

तुझा पत्ता असता, तर हे पत्र मी नक्की टाकलं असतं. फक्त हा शेवटचा कागद काढून घेऊन.