तिजोरी निवेपर्यंत

बाबा, काल मी राहनाळच्या गोदामातल्या ऑफिससाठी तिजोरी घेतली. दुकानदाराने समजावलं की चोरीचा दर्जा वेगळा, आगीचा वेगळा. जाड पोलाद पहार आणि ड्रिल सोसतं, पण आच सरळ आत सोडतं. आगीच्या तिजोरीत दोन पत्र्यांमध्ये आच अडवणारा मसाला असतो. भट्टीत तासभर ठेवून आतला कागद शाबूत राहिला तरच तिला एक तासाचा दर्जा मिळतो. मी मान हलवत होते आणि इतक्या वर्षांनी मला तुमचा संताप येत होता.

कारण हे तुम्हालाही सांगितलं होतं. भिवंडीतल्या आपल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार दोनदा चोरीला गेली, म्हणून आपण तिजोरी बघायला गेलो होतो. तो माणूस आगीची दाखवायला लागला तर तुम्ही हसलात. "लोखंड जलतं का कधी? मला चोराची भीती हाय, आगीची न्हाय." मग त्या चोराच्या तिजोरीत तार ठेवलीत आणि आईचा एकुलता एक फोटोही. घरी राहिला तर मी चुरगळीन म्हणून. मला कळू लागायच्या आधीच गेलेली आई वर्षातून एकदा, तिच्या स्मृतिदिनी, मला दिसायची.

मी नववीत असताना शेजारचं सुताचं गोदाम पेटलं आणि आपलं दुकानही गेलं. आग विझली तेव्हा राखेत तिजोरी तशीच उभी. तुम्ही जिंकल्यासारखे पुढे धावता. समोरचे लूमवाले चाचा तुमचा हात धरतात, "भाई, अभी मत खोलो. ठंडी होने दो, हवा लगेगी तो भड़केगी." तुम्ही हात सोडवून घेता, ओलं गोणपाट गुंडाळून दार ओढता. मला मागून फक्त भडका दिसतो. तार शाबूत राहिली.

"थांबायला पायजे होतं," एवढंच तुम्ही मरेपर्यंत म्हणत राहिलात. म्हणून काल विचारलं, निवू दिली असती तर फोटो वाचला असता का? तसल्या तिजोरीत तो आधीच गेला असेल, असं दुकानदार म्हणाला. मग, सांगता येत नाही, असंही म्हणाला. तुमचा दोष नव्हता, एवढं तुम्हाला सांगायचं होतं. तेही आता धड सांगता येत नाही.

माझी मुलगी विचारते, आजी कशी दिसायची. मी नाक सांगते, डोळे सांगते, हनुवटी सांगते. बाबा, मला तिचा चेहरा आठवत नाही. मी आरशात बघून सांगते.