शंभर टक्के निकाल

शिनोली, १५ जून

ती. रत्नाताईस धाकट्या नूतनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोन केला की हे शेजारी बसून स्पीकर लावायला सांगतात, म्हणून कागद काढला.

यांच्या घाटाकडच्या शाळेत यंदापासून नववीला व्यवसाय शिक्षण सक्तीचं झालंय. वायरिंग, मोटार दुरुस्ती असलं काहीतरी. शिकवायला दाखला असलेलं माणूस हवं आणि इकडे यायला कुणी तयार नाही. पाहणीला साहेब आले नि वर्ग रिकामा दिसला, तर हेडमास्तर म्हणून यांची शोभा होईल. आपल्या अक्षदाने आयटीआय केलंय. तिला पाठवशील का? मीच विचारतेय, त्यांना तुला विचारायची लाज वाटते.

टोमॅटोची लागण उरकली का? दाजींची पाठ कशी आहे? उत्तर शेजारच्या साळुबाईंच्या पत्त्यावर टाक.

माया आटू देऊ नकोस.
तुझी नूतन

पिंपरी पेंढार, २२ जून

चि. नूतनला अनेक आशीर्वाद.

लाज वाटते? वा! पत्र वाचून मी एकटीच हसत सुटले. तुझ्या घरी राहून शिकणारी माझी पोर नववीत गणितात मागे पडली, तर तुझ्या हेडमास्तरांनी तिला शाळेतूनच काढायला लावलं. दहावी बाहेरून दे म्हणाले, तुझ्या डोक्याला हाताचं कामच बरं. कशासाठी, तर गेटवर शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स लागावा म्हणून! दरवर्षी कच्ची पोरं अशीच बाहेर काढायची, मग निकाल शंभर टक्के लागणार नाही तर काय? पोर किती दिवस धड जेवली नव्हती. तेव्हा तू गप्प राहिलीस, तेही माझ्या लक्षात आहे.

आता ज्या कामाला ते हिणवत होते, तेच सरकारने त्यांच्या गळ्यात बांधलं. मी पोरीला पाठवीन, पण त्यांनी स्वतः यावं आणि आमच्या ओट्यावर, भावकीदेखत, हात जोडून तिला मागावं. आमचे हे म्हणतात, पावण्याला लई ताणू नको. मी म्हटलं, ताणणार, तुटलं तरी बेहत्तर.

टोमॅटो लागले, पाठ दुखतेच आहे. तुझ्यावर राग नाही, असलाच तर थोडा आहे.
तुझी ताई

पिंपरी पेंढार, ७ जुलै

चि. नूतनला आशीर्वाद.

तुझे साहेब काल येऊन गेले. सावळेरामनानांपासून सगळी भावकी मी गोळा केली होती. चहा मुद्दाम कान तुटलेल्या कपात दिला. पण हे गृहस्थ आले ते हात जोडूनच! कौशल्य शिक्षणावर असं भाषण ठोकलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना म्हणाले, पावणं लई मोठ्या मनाचं हायेत. मी नुसती जळत उभी राहिले.

मग अक्षदा हाताचं ग्रीस पुसत बाहेर आली. तिने विचारलं, यंदा दहावीची किती पोरं बाहेरून बसवताय? ते म्हणाले चौघं, त्यांच्याच भल्यासाठी. ती म्हणाली, त्या चौघांना वर्गात परत घ्या, मग येते. एकालाही बाहेर काढलंत तर त्याच दिवशी निघून जाईन. नूतन, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. तिच्याजवळ जाऊन हळूच गयावया करू लागले, निकाल पडेल गं पोरी. ती म्हणाली, मी नापास झाले असते तर सोसलं असतं काका, तुम्ही मला बसूच दिलं नाही.

भावकीदेखत नाही म्हणता येईना, कबूल झाले. ती सोमवारी येतेय. तुझ्या घरी नाही उतरणार, साळुबाईंकडे खोली घेतली आहे. मनाला लावून घेऊ नकोस.
तुझी ताई

शिनोली, निकालाचा दिवस, मे

ती. रत्नाताईस शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला. चौघांतले दोघं पास, दोघं नापास. शंभर टक्के गेले. छापायला टाकलेला फ्लेक्स यांनी रद्द केला आणि दुपारपासून जेवणापर्यंत खोलीत बसून होते. पाहणीला आलेल्या साहेबांनी वायरिंगच्या वर्गाला शाबासकी दिली होती, त्या शाबासकीचंही यांना कौतुक नाही. नापास झालेली दोघं रडत अक्षदाकडे आली होती. तिने त्यांना उद्यापासून शाळेतच अभ्यासाला बोलावलंय.

नववीनंतर अक्षदा इथून गेली तेव्हापासून या घरात माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. यांना ते कधी कळलं नाही. मला किती राग होता, हे मलाही आज कळलं. निकाल ऐकला आणि मी डाळ शिजायला टाकली. पुरणपोळ्या केल्या, ताई. अक्षदाला हाताला धरून घरी जेवायला आणलं. यांनी विचारलं, आज कसला सण? मी त्यांच्या ताटात पोळी वाढली, वर तूप घातलं आणि शेवटचा घास संपेपर्यंत समोर बसून राहिले.

या धाकटीला आता तरी पदरात घे.
तुझीच नूतन